चांदा फोर्ट, आठ वॉट

चंद्रपूरच्या गाडीत बसणाऱ्यांच्या सामानात काय असतं? कॅमेरा, दुर्बीण, खाकी टोपी. सगळे ताडोबाला निघालेले! मी मात्र मांडीवर १४ किलोंचं खोकं घेऊन बसलो होतो. वरोरा गेलं, भांदक गेलं, तरी समोरच्या काकूंची नजर काही हटेना. शेवटी त्यांनी विचारलंच, ‘‘मिक्सर आहे का?’’

मिक्सर नव्हे, काकू. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. दोन वर्षांचा बोनस साठवून घेतलेला. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या भिंती पातळ, म्हणून ठरवलं की पहिलं ऐकणं घरी, चंद्रपूरला. बाबांसोबत.

ज्यांचा जन्म आयपॉडच्या आसपासचा, त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेच्या नळीतून हवा काढून घेतात. आत एक तार तापते, तापलेल्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मधल्या जाळीवर गाण्याचा इवलासा सिग्नल दिला की तो ही धाव कमी-जास्त करतो. झाला आवाज मोठा! फ्लेमिंगनं १९०४ मध्ये पहिली नळी केली, डी फॉरेस्टनं १९०६ मध्ये जाळी असलेली. मग ट्रान्झिस्टर आला आणि नळ्या अडगळीत गेल्या. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आता ते रशिया, चीन, स्लोव्हाकियातून येतात.

माझ्या खोक्यातल्या मोठ्या नळ्या ईएल-३४. चॅनलमागे जेमतेम ८ वॉट. तेवढ्यासाठी हे यंत्र भिंतीतून शंभराहून जास्त वॉट ओढतं, गाणं चालू असो वा नसो. बाकी सगळी उष्णता. मे महिन्यात चंद्रपुरात हे लावणं म्हणजे वेडेपणाच, पारा ४५च्या वर असतो. पण डिसेंबरात? झक्कास! मांजर येऊन शेजारीच बसलं. आणि विजेचं म्हणाल, तर २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र गावाला लागूनच. ग्रिडमधली वीज नेमकी कुठली, हे कुणी सांगू शकत नाही म्हणा, पण चिमण्यांचा धूर गच्चीवरून दिसतो आणि शंभर वॉट उगाच जाळताना तो जरा जास्तच दिसतो.

आता आवाज. स्पीकर आधी जोडायचे, मग बटण. (उलटं केलंत तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, गंमत नाही.) अर्धा मिनिट काहीच नाही. नळ्यांत नारिंगी रेघ उजळते. मग वसंतराव देशपांडे.

‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ सालचं, आणि वसंतराव मूळचे आमच्याच विदर्भातले, मूर्तिजापूरचे. हे गाणं मी इअरफोनवर शंभरदा ऐकलंय. पण तान सुरू होण्याआधीचा श्वास ऐकला नव्हता. हार्मोनियम गळ्याच्या मागे सरकून बसली. तबल्याच्या बायाला गोलाई आली. त्यानंतर मी हौसेनं रहमानचं एक बेसवालं गाणं लावलं. सपशेल ढिलं! ढोल म्हणजे ओली गोधडी. जाणकार सांगतात, व्हॉल्व्ह मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, चिमूटभर मिसळतो, त्यानं कानाला ऊब वाटते. म्हणजे खरं तर ती भेसळच. असू दे. हळदीची पण असते.

बाबांची गोष्ट वेगळी. तीस वर्षं मशीनच्या धडधडीत काढल्यानं त्यांच्या कानातले वरचे सूर गेलेत. टीव्ही मोठा केला की शब्द कळत नाहीत, नुसतं टोचतं. म्हणून गाणंच सोडलं होतं. ॲम्प्लिफायरनं कान बरे होत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. पण इथे आवाज वाढवला तरी टोचत नव्हतं. बाबा अंतरा संपेपर्यंत बसले. मग म्हणाले, ‘‘हा आवाज मी वडशाला ऐकलाय.’’

दुसऱ्या दिवशी चांदा फोर्ट स्टेशनावरून वडसा गाठलं. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. खिडकीबाहेर आधी सागाचं जंगल, मग कापणी झालेले धानाचे बांध, शेवटी वैनगंगेचा पूल. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे सगळं चंद्रपूरच होतं. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत इथल्या कंपन्या गावोगाव नाटकं करतात, रात्री दहाला पडदा वर, पहाटे खाली. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे मुंबई-पुण्याला या नाटकांची खबर लागली.

तिथे बाबांचे जुने मित्र भेटले. उमेदीत मंडपाचे माईकवाले. ‘बल्बवाली मशीन’ बैलगाडीत घालून गावोगाव फिरलेले. धानाच्या बांधीत हजार माणसं, समोर टांगलेले दोन माईक, आणि नट धावत येऊन त्यांच्याखाली वाक्य फेकणार. बास-बीस कुणाला हवा? ‘‘मागच्या ओळीतल्या बुढीले शब्द समजला पायजे जी, बस!’’ नवी मशीन आली तशी जुनी भंगारात गेली. ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं वजनावर विकलं. ‘‘तांब्याचे पैसे चांगले आले,’’ एवढंच म्हणाले काका. जास्त बोलले नाहीत.

चार दिवसांनी ते आमच्याकडे चंद्रपूरला आले. खोकं बघून हसले. ‘‘हे त आमचीच मशीन होय! तुमी पैसे देऊन आनली?’’ मी घाईनं गाणं लावायला गेलो, तर हात धरला. ‘‘गरम होऊ द्या आदी. मंग बोलते ते.’’

वसंतराव सुरू झाले. खुर्ची ठेवली होती, चहा होता, बाबा हात करून बसा म्हणत होते. काका बसलेच नाहीत. चपला घातल्या, फाटक उघडलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. मान किंचित तिरपी. तिथून त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं फिरवली.

मी नॉब अर्धा काटा पुढे सरकवला.