उसनी तरतरी

परीक्षेचे दिवस जवळ आले, की आमच्या वसईत नाक्यावरच्या दुकानांतून शक्तिपेयांच्या रंगीत बाटल्या मुलांच्या हाती दिसू लागतात. धर्मग्रामातील फुटबॉलच्या सामन्यांत, जिथे घोटभर पाणी हवे, तिथेही आम्ही त्या पाहतो.

हे नावच मुळी फसवे आहे. त्यातील साखर थोडी ऊर्जा देते खरी. पण तरतरी येते ती कॅफीनमुळे. दिवसभराच्या जागरणाने मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचते आणि 'आता थांब' असे सांगते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही. त्याची हाक तेवढी ऐकू येईनाशी होते. प्रौढाच्या शरीरातही निम्मे कॅफीन सुमारे पाच तास रेंगाळते. मग झोप उडते, छाती धडधडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटलीच आठवते.

आपल्या देशात अशा पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन नसावे, असा नियम आहे. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली मुलांसाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली. २५ किलो वजनाच्या मुलाची ती मर्यादा एका बाटलीतच संपते! लहान मुले व गर्भवती यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, अशी सूचना वेष्टनावर असते. पण ती बारीक अक्षरांत, आणि चित्रे मात्र ठसठशीत.

लिथुआनियाने २०१४ साली आणि पोलंडने २०२४ साली अठरा वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यास मनाई केली. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेतही शाळांपासून ५०० मीटरच्या आत त्यांची विक्री रोखण्याची घोषणा झाली. असे निर्बंध हवेतच, असे आम्ही मानतो.

तथापि, मूल बाटलीकडे का वळते, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. सृष्टी निर्माण करून परमेश्वरानेही सातव्या दिवशी विसावा घेतला, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. आणि त्याच मुलांना शाळा, शिकवणी, स्पर्धा यांतून थकण्याचीही मुभा उरत नाही. दुकानाभोवतीची रेषा शासन आखील. रात्री पुस्तक मिटून निजण्याची परवानगी मात्र घरानेच द्यावयाची आहे.