दुर्बीणबाई

एंडोस्कोपीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात दुर्बीणबाई सरळ लटकलेल्या असतात. वेटोळं करून पडणं त्यांना वर्ज्य; पोटातल्या नळीत पाणी साचलं तर जंतू माजतात. वर्ण काळा, अंगकाठी करंगळीएवढी, उंची जवळजवळ पुरुषभर. अंगावर सेंटिमीटरचे पांढरे आकडे, टोकाला दिवा नि कॅमेरा. मान इतकी लवचिक की मागे वळून स्वतःकडेच बघतील. ती मान फिरवायची दोन चाकं मात्र डॉक्टरांच्या डाव्या हातात.

घराणं तसं अलीकडचं. 1954 साली हॅरल्ड हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकड्या वाटेनं नेऊन दाखवलं, तिथून हे कूळ सुरू होतं. 1969 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी बाईंना अख्ख्या मोठ्या आतड्याची वाट सरावाची करून दिली.

एरवी बाई जातात त्या बहुधा कुणाची काही तक्रार असली म्हणून. मोठ्या आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या जुन्या रुग्णांकडे मात्र त्या तक्रार नसतानाही हजर होतात, आणि नेमकं हेच लोकांच्या गळी उतरत नाही. ‘‘रक्त थांबलंय, वजन वाढलंय, आता कशाला हो दुर्बीण?’’ तारीख मिळालेले काका हटकून विचारतात. धडधाकट असताना ते खारट औषधी पाणी लिटरच्या हिशेबानं प्यायचं आणि आदली रात्र संडासात काढायची, हे कुणाला रुचणार?

पण बाई आजचं दुखणं मोजत नाहीत, वर्षं मोजतात. सूज येते, अस्तर झडतं, नव्या पेशी घाईघाईनं जागा भरतात, पुन्हा सूज. या सततच्या डागडुजीत जनुकांमधल्या चुका साठत जातात. अशा आतड्यात झालेल्या कॅन्सरची नोंद क्रोन आणि रोझेनबर्ग यांनी 1925 मध्येच केली होती. 2001 साली ब्रिटनमधल्या ईडन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून या कॅन्सरच्या धोक्याचा हिशेब मांडला: आजाराच्या 10 वर्षांनी 2 टक्के, 20 वर्षांनी 8, तर 30 वर्षांनी 18. पुढच्या अभ्यासांत हे आकडे बरेच खाली आले, तरी धोका संपला नाही. म्हणून लक्षणं सुरू झाल्यावर साधारण 8 वर्षांनी बाईंची पहिली फेरी, मग धोका पाहून 1 ते 5 वर्षांनी. सूज गुदाशयापुरतीच असेल तर या फेऱ्या लागत नाहीत. जोडीला पित्तनलिकांचा पीएससी हा आजार असला, तर मात्र 8 वर्षं थांबायचं नाही. निदानापासून दरवर्षी हजेरी.

वेळही बाई शांततेची निवडतात. आतडं भडकलेलं असताना नुसती सुजेनं बिघडलेली पेशी कोणती आणि कॅन्सरच्या वाटेला लागलेली कोणती, हे सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखणं अवघड जातं.

आत गेल्यावर त्यांना घाई खपत नाही. आधी शेवटचं टोक गाठायचं, खरी पाहणी परतताना. देठावरचा पॉलिप चटकन नजरेत भरतो; इथला बिघाड बरेचदा चपटा, अस्तरात मिसळून गेलेला. मग निळा रंग फवारतात. सदऱ्याला दिलेली नीळ चुण्यांत साचावी तसा तो खाचांत बसतो आणि जी जागा बाकीच्यांसारखी नाही ती उठून दिसते. बाईंच्या पोटातल्या बोळातून बारीक चिमटा पुढे सरकतो, काही मिलिमीटरचा तुकडा तोडतो. तुकडा बाटलीत, बाटलीवर जागेचं नाव, बाटली पॅथॉलॉजीकडे.

रिपोर्ट चांगला आला की काका पेढ्यांच्या गोष्टी करू लागतात. रोजच्या गोळ्या मात्र चालूच राहणार. सूज दाबून ठेवणं हे गोळ्यांचं काम, बाई ते अंगावर घेत नाहीत. पुढची तारीख फोनमध्ये टाकता टाकता काका शेवटचा प्रयत्न करून बघतात, ‘‘म्हणजे काही झालं तरच यायचं ना?’’

‘‘काही झालं तर लगेच या, काका,’’ डॉक्टर सांगतात. ‘‘ही तारीख काही न झाल्याची आहे.’’