पावलाची जागा

रायपूरच्या वेशीवर खारून नदीचा महादेवघाट आहे. तेथील पूल ओलांडला की दुर्ग जिल्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात डांबरी रस्ता सोडून मुरमाड वाट धरता येते. या तांबड्या, खडेरी जमिनीला इकडचे शेतकरी ‘भाठा’ म्हणतात. एका बाजूला भातखाचरे, दुसऱ्या बाजूला उघडा भाठा आणि मधून खाचखळग्यांची वाट. वयाच्या ५२ व्या वर्षी मी या वाटेवर डोंगरी सायकल चालवू लागलो. पहाटेचे ते दोन तास म्हणजे माझ्या दिवसाचे धन होते.

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला या छंदाचे भारी कौतुक. एका दिवाळीत तिने बुटांचा आणि पेडलांचा असे दोन जोड पाठवले. बुटाच्या तळव्यात एक खोलगट जागा होती आणि तेथे दोन स्क्रूंनी बसवायची पोलादाची लहानशी पट्टी. तिला ‘क्लीट’ म्हणतात. ही क्लीट पेडलावर दाबली की ‘खट्’ असा आवाज होऊन बूट अडकतो. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटतो. “बाबा, खडबडीत वाटेवर तुमचा पाय आता पेडलावरून घसरणार नाही,” असे तिने फोनवर सांगितले.

या पेडलांचे नाव मात्र ‘क्लिपलेस’, म्हणजे क्लिप नसलेली! पाय तर चांगला जखडला जातो. भाषेच्या माणसाला असे नाव खटकल्यावाचून राहत नाही. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलांना पुढे धातूचा पिंजरा आणि चामड्याचा पट्टा असे. त्या पिंजऱ्याला ‘टो क्लिप’ म्हणत. १९८४ मध्ये ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने बर्फावर घसरत जाण्याच्या बुटांचा खटका सायकलीच्या पेडलावर आणला आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो याने तशी पेडले वापरून ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. पिंजरा गेला, म्हणून नाव ‘क्लिपलेस’ झाले. १९९० मध्ये जपानच्या ‘शिमानो’ कंपनीने बुटाच्या तळव्यात दडून राहणारी छोटी क्लीट आणली. तेव्हापासून सायकल हाती धरून दगडधोंड्यांतून चालण्याची सोय डोंगरी सायकलस्वारालाही झाली.

तो खटका पाहून मला घोड्याची रिकीब आठवली. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या हाताखाली नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगढात उतरली. येथील मराठी वस्तीचा इतिहास तेव्हापासून सुरू होतो. रिकिबीचा नियम सर्वत्र सारखाच आहे. तिच्यावर पायाचा चवडा टेकवायचा. पाऊल पार आत सारायचे नाही. पाऊल आत अडकले आणि स्वार पडला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. रिकिबीने पायाला आधार द्यावा आणि वेळ येताच त्याला सोडावे, हेच तिचे काम. क्लीटचेही तेच.

मुलीने क्लीट बसवण्याची आकृती पाठवली होती. मी पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसलो. दोन्ही बुटांवर अगदी सारख्या अंतरावर खुणा केल्या, क्लीट नाकासमोर सरळ ठेवली आणि ॲलन पान्याने स्क्रू घट्ट आवळले. काम इतके देखणे झाले की मी ते शेजाऱ्यांनाही दाखवले.

पहिल्याच आठवड्यात रेल्वे फाटकापाशी थांबताना टाच वळवायचे विसरलो आणि उभ्याचा आडवा झालो. कोपर सोलवटले; चारचौघे हसले; मीही हसलो. पण तीन आठवड्यांनी डावा गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला, तेव्हा हसू मावळले. महिन्याभरात जिना उतरणेही कठीण झाले. विश्रांती घेतली की बरे वाटे, सायकलीवर बसलो की पुन्हा तेच. अखेर मी मनाशी म्हणालो, ‘वय झाले.’ हे दोन शब्द फार सोयीचे असतात. ते उच्चारले की पुढे काही शोधावे लागत नाही. सायकल व्हरांड्यातल्या खुंटीला टांगली. पहाटे जाग येई. मी अंथरुणात पडून राही.

सायकल विकावी म्हणून एका दुरुस्तीवाल्याला घरी बोलावले. गृहस्थ माझ्याच वयाचा. त्याने सायकलीकडे पाहिलेच नाही; माझे बूट उलटे करून पाहिले. मग मला टेबलावर बसवून पाय मोकळे लोंबू द्यायला सांगितले. उजवे पाऊल जवळजवळ सरळ होते; डाव्याची बोटे मात्र सहजच बाहेर वळली होती. लहानपणी झाडावरून पडून तो पाय मोडला होता, हे मी विसरूनही गेलो होतो. “गुरुजी,” तो म्हणाला, “स्केल को नहीं, अपने पाँव को देखिए।”

मग त्याने बुटावरूनच चाचपत अंगठ्यामागचे आणि करंगळीमागचे उंचवटे शोधले व खडूने खुणा केल्या. पेडलाचा दांडा या दोन खुणांच्या दरम्यान यायला हवा. खडबडीत वाटेवर तोल राखायचा असेल तर किंचित मागेही चालतो. माझी क्लीट बरीच पुढे होती, त्यामुळे पोटरीवरही ताण येत होता. दोन्ही क्लीट त्याने मागे घेतल्या. डाव्या क्लीटचे टोक केसभर अंगठ्याच्या बाजूला वळवले, म्हणजे बुटाची बोटे आपोआप बाहेर राहिली. शेवटी पेडलातील स्प्रिंगचा ताण सैल केला. मी विचारले, “किती सरकवली?” त्याने बोटांच्या चिमटीत अंतर दाखवले. ते चार मिलिमीटरही नसेल.

तो गेल्यावर मी हिशेब मांडला. मिनिटाला ७५ फेरे धरले तर तासाला ४५००, दोन तासांत ९०००. वळू पाहणाऱ्या गुडघ्याला मी रोज ९००० वेळा सरळ राहायला भाग पाडत होतो.

त्या रात्री मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातला. घरी मराठी, अंगणात छत्तीसगढी, शाळेत हिंदी. तो ‘ते दही’ न लिहिता ‘तो दही’ लिही आणि मी प्रत्येक वेळी लाल रेघ ओढी. हिंदीत दही पुल्लिंगी असते, म्हणून त्याच्या कानाला ‘तो’ सरळ वाटत असणार, हे एकदा जवळ बसवून सांगितले असते तर पुरले असते. मी त्याच्या वहीकडे पाहिले, त्याच्या कानाकडे पाहिले नाही. वर्षभरात त्याने मराठी विषय सोडला. ‘मुलाला गोडी नाही,’ असे मी शेरा देऊन मोकळा झालो. तेही दोन-तीन सोयीचेच शब्द होते.

गुडघा बरा व्हायला सहा आठवडे लागले. प्रथम घाटापर्यंत, मग पुलापर्यंत, मग भाठ्याच्या वाटेपर्यंत. आता दर रविवारी मी बूट उलटे करून स्क्रू तपासतो. दोन्ही तळव्यांवरच्या खडूच्या खुणा पुसट झाल्या आहेत. तरी त्या सारख्या नाहीत, हे अजूनही स्पष्ट दिसते.