आत्याच्या स्वयंपाकघरातली ओल

हरणी म्हटले की बडोदेकरांना विमानतळ आठवतो, नाहीतर भीडभंजन मारुती. मला आठवते ती आत्याच्या स्वयंपाकघरातली भिंत.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर गेले. आत्याच्या जुन्या, जाड भिंतींच्या घरात ते ओट्याखालपर्यंत शिरले. (मगर मात्र आली नाही, हे ती कौतुकाने सांगते, त्या पुरात शहरात लोकांच्या दारांशी मगरी आल्या होत्या.) दिवाळीला पाहुणे यायचे, म्हणून दोन महिन्यांत रंग झाला आणि जुन्या उघड्या मांडणीच्या जागी भिंतीला घट्ट चिकटून प्लायवूडची कपाटे बसली. आत्याने शिवणकामातून साठवलेले सारे पैसे त्यांत घातले. दुकानदाराने दहा वर्षांची हमी दिली, अर्थात तोंडी!

पुढच्या मे महिन्यात मी गेलो, तेव्हा डाळीच्या डब्यांना कुबट वास येत होता आणि काकांचा दमा उन्हाळ्यातही हटत नव्हता. "भेज आहे रे," आत्या म्हणाली. तिच्या बडोदेकरी मराठीत ओल म्हणजे भेज.

मोरीचा नळ तपासला, तो कोरडा होता. मग एक कपाट सरकवून भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवला. दोन दिवसांनी थेंब दिसले ते आतल्या, भिंतीकडच्या बाजूला. फोडणीची वाफ असती तर ते बाहेरून जमले असते. केशाकर्षणाची व्याख्या लिहून मी परीक्षेत गुण मिळवले आहेत. पण ते प्रत्यक्ष विटांत पाहिले तेव्हाच. पुराने भिजलेली भिंत ढोबळ मानाने महिन्याला एक इंच वाळते. इथे तर तिचे तोंडच बंद केले होते. कपाटामागे काळी बुरशी होती आणि गिलाव्यावर पांढरा लोणा फुटला होता.

काकांचे मत, वरून टाइल्स लावाव्यात. शेजारचे म्हातारे गवंडी मात्र हसले. "ओल झाकली की ती वर चढते," ते म्हणाले. सिमेंटचा गिलावा खरवडा, विटा उघड्या ठेवा, पुरत्या वाळल्यावर चुन्याचा गिलावा करा, आणि कपाटे पुन्हा लावलीत तर भिंतीपासून चार बोटे सोडून लावा, असा त्यांचा सल्ला.

आत्या दिवसभर कोणाशी बोलली नाही. संध्याकाळी तिनेच पाना हातात घेतला.

दोन कपाटांच्या पाठी कुजल्या होत्या, ती गेली. बाकीची ओसरीत उभी राहिली आणि माळ्यावरची मांडणी खाली आली. रोज सकाळी आत्या उघड्या विटांवरचा लोणा कोरड्या कुंच्याने झाडते. धुवायचा नाही, पाणी लागले की मीठ विरघळून पुन्हा विटेत शिरते. मी निघालो तेव्हा सुपलीत मूठभर पांढरी भुकटी होती आणि पाऊस तीन आठवड्यांवर आला होता.