उधारीची जुडी

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. वडील परळच्या गिरणीत, बिऱ्हाड घाटकोपरच्या चाळीत. पगार थांबला तरी आमच्या ताटात भाजी राहिली ती तात्यांमुळे. तात्या रेल्वेत गँगमन. रुळांलगतच्या जमिनीचे तुकडे रेल्वे आपल्याच कामगारांना भाजीपाल्यासाठी देई. विद्याविहारच्या बाजूला तात्यांचे माठ-पालकाचे वाफे होते. दिवसाआड दारात लाल माठाची जुडी. ''वहिनी, गिरणी सुरू झाली की द्या.'' गिरणी सुरू झालीच नाही.

पुढे रसायनशास्त्र शिकलो, माती-पाण्याचे नमुने तपासू लागलो, आणि ती जुडी आठवून पोटात गोळा आला. रुळांकडेच्या भाजीला नाल्याचं पाणी. त्यातून कॅडमियम यायचं, आणि माठ तर ते पानात साठवण्यात पटाईत. जपानात जिंझू नदीकाठी असल्याच पाण्यावरचा भात खाऊन बायकांची हाडं ठिसूळ झाली. त्या रोगाचं नावच इताई-इताई, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. भाजी धुतली की पानावरची शिशाची धूळ जाते. आत शिरलेलं कॅडमियम जात नाही.

ते अडवायचं मुळाशीच. जस्त ज्या वाटेने मुळात शिरतं, त्याच वाटेने कॅडमियमही घुसतं. मातीत जस्त कमी असलं की त्याचं फावतं. म्हणून झिंक सल्फेट द्यायचं. आंबट मातीत चुना टाकला तर कॅडमियम मातीलाच चिकटून राहतं. भातासारख्या पिकात सिलिका मुळाच्या पेशीभित्तीत बसून त्याला रोखते. हे शिकताना मला तात्यांची राख दिसायची. बेकरीच्या भट्टीतून पोतं भरून आणायचे आणि 'किडीला' म्हणून वाफ्यांवर भुरभुरायचे. लाकडाच्या राखेत चुन्याचाच अंश मोठा. अर्थात भट्टीत रंग दिलेलं भंगार लाकूड जळलं असेल तर त्याच राखेत शिसंही आलं असणार. तेव्हा तात्यांना उगाच शास्त्रज्ञ ठरवत नाही.

निवृत्तीनंतर ते संगमेश्वरला गावी गेले. मी भेटायला गेलो, जस्ताचं, चुन्याचं सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं.

''नाल्याचं पाणी वाईट, हे मला कळत नव्हतं होय रे? तुझ्या आईला द्यायचो ती जुडी नळाखालच्या वाफ्यातली.''

उधारी फेडायला नेलेलं पाकीट खिशातच राहिलं. बाजारात जायची ती जुडी कुठल्या वाफ्यातली, हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही.