ओव्हरक्लॉकिंग, लो व्होल्टेज आणि पप्पांचं लॉजिक

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, हे मला आजही मनातल्या मनात मोजून बघावं लागतं. तरी मराठी विभागासाठी लिहायचं धाडस करतोय, कारण ज्या प्रॉब्लेमची ही गोष्ट आहे त्याचं उत्तर मला मराठीतच मिळालं, तेही अस्सल वऱ्हाडीत.

आधी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते सांगतो. ग्राफिक्स कार्डच्या चिपला कंपनी एक स्पीड ठरवून देते. सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत, त्यामुळे हा स्पीड थोडा हातचा राखून ठरवलेला असतो. सॉफ्टवेअरमधून तो वाढवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. फुकटात मिळतं म्हणून सगळ्यांना आवडतं. पण चिप खाते ती पॉवर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि खाल्लेली सगळी पॉवर शेवटी उष्णता होऊन रूममध्येच येते. घाटावर बुलढाण्याला ठीक आहे, तिथे पंख्यावर भागतं. आपण घाटाखालचे. एप्रिलमध्ये इथे कूलरसुद्धा हात टेकतो!

आमच्या रूमवर जीटीएक्स १०६० कार्ड होतं. २०१६ चं मॉडेल, ६ जीबी मेमरी, १२८० कोअर, १२० वॉट. आज जुनं वाटेल, पण आमच्या कामाला पुरेसं होतं. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' बनवला, तेव्हाही कल्पना हीच होती की एकट्या पहिलवानापेक्षा पुष्कळ साधे गडी एकाच वेळी कामाला लावा. ग्राफिक्स कार्ड तेच एका चिपवर करतं.

कार्ड माझं नव्हतं. माझा रूम-पार्टनर नांदुऱ्याकडचा, घरी कपाशी. त्याने शेतातून पानांचे फोटो काढून आणले होते. फोटोवरून लाल्या ओळखायचा, असा आमचा मिनी प्रोजेक्ट. कार्ड पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या दादाचं. "प्रोजेक्ट झाला की जसंच्या तसं परत दे," या अटीवर मिळालेलं. सबमिशनला दहा दिवस होते, म्हणून दोघांनी मिळून ठरवलं की थोडा स्पीड वाढवू. कोअरला शंभर मेगाहर्ट्झ. तेही २०-२० च्या पायरीने, दर पायरीला टेस्ट करून.

दोन रात्री मस्त गेल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्क्रीन काळी, मग परत आली आणि मेसेज: डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, पुन्हा सुरू झाला. विंडोज कार्डच्या उत्तराची साधारण दोन सेकंद वाट बघतं, नाही मिळालं तर ड्रायव्हर रिसेट करतं. ट्रेनिंग अर्थातच बोंबललं.

पहिला नियम सगळ्यांना माहीत आहे: सेटिंग मूळ जागी आणा आणि बघा. आणलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच! आता खरी पंचाईत. मी म्हणालो, "बघ, ओव्हरक्लॉकिंग काढलं तरी होतंय, म्हणजे कारण वेगळं आहे." तो म्हणाला, "नाही, कार्डच कायमचं खराब झालं. दादाला काय सांगू?" गंमत म्हणजे दोघांचंही लॉजिक बरोबर होतं. एकच पुरावा, दोन निकाल. त्या रात्री आम्ही मेसला वेगवेगळे गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मग एकावेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवून वहीत तक्ता केला. तापमान: दुपारी ८३ अंशांपर्यंत जायचं आणि कार्ड स्वतःहून स्पीड कमी करायचं, पण बंद पडायचं नाही. संध्याकाळी ७५ ला बंद पडायचं. म्हणजे उष्णता आरोपी नाही. मेमरी: ती बिघडली तर बहुतेक वेळा स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी दिसतात. एकही नव्हता. ड्रायव्हर: पुसून नवा टाकला, फरक शून्य. तक्त्यात एकच गोष्ट डोळ्यात भरत होती. सगळे क्रॅश संध्याकाळी सात ते नऊमधले.

रविवारी घरी फोन केला. पप्पांचं खामगावला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही, पण तक्ता शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "शेतातली मोटर जळली का लोक मोटरले शिव्या देतात. मोटर बिचारी काय करीन? लाइनीत व्होल्टेजच नसते. व्होल्टेज पडलं का करंट जास्त ओढते अन् मंग जळते. तू आधी लोडवर व्होल्टेज मोज, मंग कोनाले दोष दे."

लोडवर! हाच शब्द महत्त्वाचा. लॅबमधून मल्टिमीटर आणला. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून जी रिकामी पिन बाहेर येते तिच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर १२ व्होल्ट यायला हवेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतात. म्हणजे कमीत कमी ११.४. काम नसताना ११.९. संध्याकाळी ट्रेनिंग सुरू केलं आणि आकडा उतरला: ११.५, ११.३, ११.१. स्क्रीन काळी! त्या वेळी बोर्डावर २३० च्या जागी १९५ व्होल्ट होते. चांगला एसएमपीएस एवढं सहज सांभाळतो. आमचा कॅबिनेटसोबत आलेला, वजनाने हलका, स्टिकरवर मात्र ४५० वॉट लिहिलेला.

समोरच्या रूममधून एक चांगला एसएमपीएस रात्रीपुरता मागून आणला. त्याच वेळी, त्याच लोडवर ११.९५. आणि मुद्दाम पुन्हा शंभर मेगाहर्ट्झ वाढवून चालवलं. सहा तासांत एकदाही बंद पडलं नाही. पार्टनर मल्टिमीटर धरून बसला होता, काही बोलला नाही. सकाळी मात्र चहाचे दोन ग्लास घेऊन आला.

दोघांनी वर्गणी काढून नवा एसएमपीएस घेतला. ओव्हरक्लॉकिंगचा हिशेबही मांडला: पन्नास मिनिटांचं ट्रेनिंग सत्तेचाळीसवर आलं होतं. तीन मिनिटांसाठी एवढी आग! म्हणून उलटं केलं. व्होल्टेज १.०५ वरून ०.९ केलं आणि स्पीड १८०० वर स्थिर ठेवला. वर्गाचा नियम लावून बघा, फक्त व्होल्टेजमुळेच चिपची पॉवर साधारण चौथा हिस्सा कमी होते. कार्ड थंड, पंखा शांत, प्रोजेक्ट वेळेत. कार्ड दादाकडे जसंच्या तसं परत गेलं.

ज्युनिअर्सना दोनच गोष्टी सांगतो. एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मोजायचं ते बाहेरच्या पिनवर. आणि रूममध्ये काही बिघडलं, मग ते मशीन असो की मैत्री, तर शेवटी ज्याने हात लावला तोच दोषी असं धरून चालू नका. आधी लोडवर व्होल्टेज मोजा.