कातळावरचा मुक्काम

चार दिवस पोस्ट नव्हती. आई, आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नातू असे सहाजण गाडीत गाद्या, स्टोव्ह आणि घरची सुकेळी टाकून दापोलीकडे गेलो होतो.

फिरणं हे निमित्त. खरं कारण घरातलंच. २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची-जेवायची सोय असलेली गाडी घेऊन लोक फिरतात, त्या गाड्या मुक्कामाला उभ्या करायची जागा म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क. तेव्हापासून मुलाच्या डोक्यात तेच. पापडीची आमची वाडी रस्त्याला लागून. तो म्हणतो, बाबा, मागचं बावखल भरून घेऊ, पेव्हर ब्लॉक टाकू, चार गाड्या आरामात राहतील. बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो, बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि झिरपून विहिरीला मिळतं. मी नाही म्हणत होतो. पण केळी-भाजीत सुटतं किती, ते त्यालाही दिसतंय, मग नुसत्या 'नाही'ने काय होणार?

कशेडी, खेड करत पोचेस्तोवर अंधार पडला. ओळखीतून एका बागायतदाराचा नंबर मिळाला होता. माणूस बॅटरी घेऊन फाटकावरच उभा. आधी आईला हात धरून उतरवलं, पाय धुवायला गरम पाणी दिलं, मग कुळथाची पिठी आणि भात. पैशांचं नाव नाही. आमच्याकडे आता फाटकाला कुलूप असतं, ते मला तिथे आठवलं.

मी सवयीने गाडी माडाखाली लावली. "दादा, तिथं नको, रात्री नारळ पडला तर काच जाईल." मग कलमाच्या सावलीत घ्यायला गेलो, तर तिथेही नको. चाकांनी माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. पाहुण्यांच्या गाड्या तो वरच्या कातळावर लावतो, जिथे कुदळ चालत नाही. तिथे एक नळ, एक प्लग आणि दोन संडास. शोषखड्डा खाली मातीत, विहिरीपासून लांब, उताराच्या अंगाला. बास, एवढंच. बायका घरात झोपल्या, आम्ही बापलेक गाडीत.

सकाळी बाग पाहिली. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची लाखीबाग म्हणतात ना, ती पद्धत. माड साडेसात मीटरवर, चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांमध्ये दालचिनी, खोडावर मिरीचे वेल. जायफळ कलमाचंच लावलंय, कारण रोपातून नर झाड निघालं तर पाच-सहा वर्षं फुकट जातात. आमच्या आजोबांनी माड दाट लावलेत, त्यामुळे मधे जायफळाला जागाच नाही. मिरी मात्र चढवता येईल. यंदा पावसाच्या सुरुवातीला दहा माडांवर करून बघणार, फोटो टाकीन.

मुलगा बाग कमी आणि कातळ जास्त बघत होता. मालकाला विचारलंन, "काका, इथे काँक्रीट का नाही केलं?" तो म्हणाला, "खर्च कशाला? आणि लोक येतात ते हे बघायला."

येताना पनवेलपर्यंत पोरगा गप्प. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी टेप घेऊन जुन्या गोठ्याची फरशी मोजत होता. गाडी मावते एकच. एका गाडीत पोटापुरतं सुटेल का, हिशेब अजून जुळत नाही, आणि तो विषय पुन्हा निघणार हे मला माहीत आहे. पण बावखलाचं नाव त्याने अजून काढलेलं नाही.

निघताना हिने सुकेळी दिली होती. त्या माणसाने कधी खाल्ली नव्हती, लगेच राजेळीचे मुनवे मागितले. आमच्याकडे राजेळीची दोनच बेटं उरलीत, तरी चार मुनवे काढून ठेवलेत. या आठवड्यात दापोलीकडे कोणाची गाडी जाणार असेल तर कळवा.